जनित्र : एका शब्दाचे मूळ गाव

‘जनित्र’ हा शब्द मराठी माणसाला भेटतो तो शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात, विश्वकोशात किंवा एखाद्या शासकीय निविदेच्या मजकुरात. बोलण्यात तो सहसा नसतो. लग्नाच्या मांडवामागे जो धूर सोडत धडधडत असतो तो जनरेटर. दुकानदार पोऱ्याला सांगतो तेही ‘जनरेटर लाव’ असेच. सायकलच्या चाकाला घासून दिवा लावणारा तो डायनॅमो. गावच्या वेशीवर खांबांवर चढवलेले रोहित्र बातमीत ‘रोहित्र’ असते. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ‘डीपी जळाली’ हेच वाक्य असते. विद्युत् चलित्राला शेतात मोटार म्हणतात, आणि तिच्यावरून भांडणे होतात तीही मोटारीवरूनच होतात. परिभाषेने दिलेले हे तिन्ही शब्द, जनित्र, चलित्र आणि रोहित्र, असे कागदावरच वस्तीला राहिले आहेत.

भाषेच्या अध्यापकाला अशा शब्दांविषयी दोन भूमिका सोयीच्या असतात. एक, ‘संस्कृतची ही जड ओझी कोणी सांगितली?’ असे म्हणून हसणे. त्यासाठी अग्निरथ आणि लोहपथगामिनी ही जुनी उदाहरणे हाताशी असतातच. दुसरी, मातृभाषेच्या अभिमानाने त्यांचा आग्रह धरणे. आम्हाला या दोन्ही भूमिकांत एक समान उणीव दिसते. शब्द आत उघडून पाहण्याचे कष्ट दोन्हींत कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखात ‘जनित्र’ हा एकच शब्द उघडून पाहावयाचा आहे. तो उघडल्यावर जे निघाले त्याने आम्हाला व्याकरणाच्या तासापेक्षा बरेच दूर नेले.

वर्गात हा शब्द फळ्यावर लिहून त्याची फोड विचारली असता एका विद्यार्थ्याने ‘जनांचे मित्र’ असे उत्तर दिले होते. वर्ग हसला. पण लोकव्युत्पत्ती अशीच घडते आणि तिच्यात एक शहाणपण असते. अनोळखी शब्द ऐकणारा आपल्या ओळखीचे तुकडे त्यात शोधतो. इथे ‘जन’ सापडला आणि ‘मित्र’ सापडला. अंधारात दिवा लावणाऱ्या यंत्राला जनांचा मित्र म्हणण्यात अर्थाच्या दृष्टीने काही बिघडतही नाही. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र फोड निराळी आहे. ‘जन्’ हा धातू, म्हणजे जन्मणे, उत्पन्न होणे. आणि त्याला लागलेला ‘इत्र’ हा प्रत्यय.

हा प्रत्यय एका मोठ्या कुळातला आहे. संस्कृतात धातूला ‘त्र’ लावून त्या क्रियेचे साधन सांगणारे शब्द बनतात. ज्याने नेले जाते ते नेत्र, ज्याने कापले जाते ते शस्त्र, ज्याने ऐकले जाते ते श्रोत्र, ज्याने आवरले जाते ते यंत्र. होय, ‘यंत्र’ शब्दाच्या मुळाशी ‘यम्’ आहे, आवर घालणे. ‘इत्र’ हे याच कुळातले रूप. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात सात धातूंना हा प्रत्यय सांगितला आहे : ऋ, लू, धू, सू, खन्, सह् आणि चर्. त्यांतून अरित्र म्हणजे वल्हे, लवित्र म्हणजे विळा, धवित्र म्हणजे पंखा, खनित्र म्हणजे खणण्याचे अवजार असे शब्द सिद्ध होतात. लगेच पुढच्या सूत्रात ‘पवित्र’ येतो. तोही मुळात साधनवाचकच. सोमरस गाळण्याच्या गाळणीला वेदात पवित्र म्हणत. शुद्धतेचा अर्थ तिथून पुढे पसरला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या यादीतील शेवटचा शब्द विशेष जवळचा वाटावा : चर् पासून चरित्र. ज्याने चालले जाते ते चरित्र, आणि म्हणूनच वैदिक भाषेत त्याचा अर्थ पाय असाही आहे. पायापासून चालणे, चालण्यापासून वागणे, वागण्यापासून आयुष्याची हकीकत. आपण चरित्र आणि आत्मचरित्र हे वाङ्मयप्रकार शिकवतो तेव्हा मुळात वल्हे, विळा आणि कुदळ यांच्या रांगेतला एक शब्द शिकवीत असतो. जनित्र हे चरित्राचे भावंड आहे, एवढे सांगितले तरी विज्ञानाच्या पुस्तकातला हा परका शब्द मराठीच्या वर्गात थोडा घरचा होतो.

परंतु इथे एक अडचण आहे. पाणिनीच्या त्या सात धातूंत ‘जन्’ नाही. आणि तरीही ‘जनित्र’ हा शब्द पाणिनीच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६३ वे सूक्त घोड्याची स्तुती करणारे आहे. हा घोडा पाण्यातून वर आला, जन्मताच खिंकाळला, अशी तिथली कल्पना. या घोड्याचे जे श्रेष्ठ असे उगमस्थान सांगितले जाते, त्याला तिथे ‘जनित्र’ म्हटले आहे. म्हणजे जुन्या भाषेत जनित्र हे यंत्र तर नाहीच, साधनही नाही. ते स्थान आहे. जन्मस्थान, मूळ ठिकाण, घर. मोनियर-विल्यम्सच्या कोशात हेच अर्थ दिलेले आहेत, आणि अनेकवचनात आईबाप, गणगोत असाही अर्थ आहे.

स्थानवाचक ‘त्र’ देखील संस्कृतला नवा नाही. ‘क्षि’ म्हणजे राहणे. जिथे राहावे ते क्षेत्र. तेव्हा जुने जनित्र क्षेत्राच्या वाटेने गेलेले होते आणि नवे जनित्र खनित्राच्या वाटेने गेले. कारकांच्या भाषेत बोलायचे तर अधिकरणाचे करण झाले, ‘जिथे जन्म होतो’ याचे ‘ज्याने जन्म होतो’ असे झाले. रूपात एका मात्रेचाही फरक पडला नाही.

जुन्या शब्दात नवा अर्थ भरणे ही आपल्या परिभाषेची नेहमीची रीत आहे. विमान हे देवांचे वाहन होते, ते प्रवाशांचे झाले. आकाशवाणी कंसाला ऐकू आली होती. १९३५ मध्ये म्हैसूरच्या एका खासगी नभोवाणी केंद्राने ते नाव घेतले आणि पुढे ते साऱ्या देशाचे झाले. पण विमान आणि आकाशवाणी यांचे जुने अर्थ पुसले गेले नाहीत. कीर्तनात तुकोबांसाठी वैकुंठाहून येते ते विमान आणि लोहगावच्या विमानतळावरचे विमान ही दोन्ही एकाच श्रोत्याला कळतात. जनित्राच्या नशिबी हे आले नाही. त्याचा जुना अर्थ कोणाला आठवत नव्हता म्हणूनच तो नव्या कामाला मोकळा होता.

आता ‘जनरेटर’कडे पाहावे. परका म्हणून ज्याला आपण जनित्राच्या विरुद्ध उभा करतो तो मुळात परका नाही. लॅटिनमधील ‘जेनुस’ म्हणजे कूळ, वंश. त्यावरून जन्म देणे या अर्थाचे क्रियापद आणि त्यावरून जन्म देणारा तो जनरेटर. ते ‘जेन’ आणि आपले ‘जन्’ ही एकाच आद्य धातूची दोन रूपे. लॅटिनमध्ये बापाला ‘जेनितोर’ म्हणतात आणि संस्कृतात ‘जनितृ’. याच कुळाची एक शाखा फारसीत गेली आणि शहाजाद्याबरोबर मराठीत आली. त्यातला ‘जादा’ म्हणजे जन्मलेला. (एसटीच्या ‘जादा गाड्यां’मधला जादा निराळा, तो ‘जियादा’ म्हणजे अधिक.) तेव्हा जनक, जननी, जन्म, जात, प्रजा, शहाजादा आणि जनरेटर ही सगळी एका गोतातली मंडळी आहेत. जनित्र की जनरेटर, हा वाद घराबाहेरच्यांशी नाही, चुलत भावंडांमधला आहे.

या गोतावळ्यात एक योगायोग आम्हाला फार आवडतो. व्हर्जिलने ‘ईनिड’च्या तिसऱ्या सर्गात सिसिलीच्या किनाऱ्यावरील आक्रागास या नगराचा उल्लेख करताना त्याला एके काळी तेजस्वी घोडे निपजवणारे ‘जनरेटर’ म्हटले आहे. म्हणजे इथेही एक ठिकाण आहे आणि इथेही घोडेच आहेत. ऋग्वेदातले जनित्र घोड्याचे उगमस्थान, लॅटिन महाकाव्यातला जनरेटर घोड्यांची जन्मभूमी. आणि मांडवामागच्या यंत्राची ताकद आपण विचारतो तीही पुष्कळदा अश्वशक्तीतच. यातून काही सिद्ध होत नाही. पण शब्दांच्या सोबतीने आयुष्य काढणाऱ्यांना अशा भेटींचा आनंद घेण्याची मुभा असावी.

यंत्राचा इतिहास शब्दापेक्षा फारच लहान आहे. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी लंडनमध्ये दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकत्व बदलत राहिले की तारेत वीज वाहू लागते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी यांनी हाताने फिरवायचे यंत्र तयार केले. १८६७ मध्ये वेर्नर सीमेन्स यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे आपले ‘डायनॅमो-इलेक्ट्रिक’ यंत्र मांडले आणि ग्रीक ‘दिनामिस’, म्हणजे सामर्थ्य, या शब्दाला सायकलपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली. योगायोगाने १८३१ हेच मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या पहिल्या आवृत्तीचे वर्ष. मुंबईत मराठीचे शब्द गोळा होऊन छापले जात होते त्याच वर्षी लंडनमध्ये एक असे तत्त्व सापडत होते की ज्यासाठी कोणत्याच भाषेजवळ शब्द तयार नव्हता. फॅरेडेंनाही नव्हता. आपल्या प्रयोगांसाठी शब्द हवे म्हणून १८३४ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या विल्यम व्ह्यूएल या विद्वानाला पत्रे लिहिली. ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द ग्रीकच्या आधाराने त्या पत्रव्यवहारात ठरले. इंग्रजी शब्द आपोआप उगवले आणि मराठी शब्द समितीत बसून बनवले, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. विज्ञानाची परिभाषा सर्वत्र बनवलेलीच असते. फरक एवढाच की काही समाजांत शब्द बनवणारा माणूस प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत बसलेला असतो, आणि काही समाजांत यंत्र आगबोटीने आल्यानंतर कित्येक वर्षांनी कोणी तरी शब्द शोधायला बसतो.

विज्ञानाचा अध्यापक इथे एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. वीज जन्मत नाही. ऊर्जा निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही; ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी हे प्रस्थापित केले. मग जन्माची भाषा कशाला? ज्यांनी लहानपणी सायकलला डायनॅमो लावला आहे त्यांना याचे उत्तर पायांनी ठाऊक आहे. डायनॅमो चाकाला टेकवला की पायडल जड होते. दिवा फुकट लागत नाही. तेवढे बळ पायातून जाते. वेग कमी झाला की दिवा मिणमिणतो. जन्म शून्यातून होत नाही, तो कोणाच्या तरी अंगातून होतो आणि त्याला कळा असतात, हे ‘जन्’ धातूला मुळातच ठाऊक आहे. त्या अर्थाने हा शब्द विज्ञानाच्या विरोधात जात नाही.

उलट आपल्या रोजच्या बोलण्यात हे सगळे झाकले जाते. आपण म्हणतो, ‘लाईट आली’, ‘लाईट गेली’. वीज स्त्रीलिंगी म्हणून लाईटही स्त्रीलिंगी झाली, आणि ती पाहुण्यासारखी येते-जाते. भारनियमनाच्या वर्षांत, २००५ च्या आसपास, तिचे येण्याजाण्याचे वेळापत्रकच वृत्तपत्रांत छापून येई. तालुक्याच्या गावी आम्ही पेपर तपासत असू ते मेणबत्तीच्या उजेडात. लाईट आली की आळीभर एकच ‘आली!’ असा गलका होई. कुठून आली, हे कोणी विचारत नसे. ‘येते’ या क्रियापदात गाव सांगण्याची सक्ती नाही. ‘वीजनिर्मिती’ हा रुळलेला शब्दही या बाबतीत गप्पच आहे. ‘निर्मिती’त ‘मा’ आहे, मोजणे, मापून घडवणे. त्यामुळे मेगावॉट आणि युनिटे मोजणाऱ्यांना तो सोयीचा आहे. जनित्र एवढाच एक शब्द असा की जो उगमाचे ठिकाण पोटात घेऊन बसला आहे.

आणि मग महाराष्ट्रातील विजेच्या जन्माची ठिकाणे आठवू लागतात. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून तिथली जनित्रे फिरली आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. त्यानंतर भिवपुरी, त्यानंतर १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याला पाणी मिळावे म्हणून मुळशीला धरण बांधले गेले, आणि त्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ च्या रामनवमीपासून सत्याग्रह केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. लढा हरला, जमिनी पाण्याखाली गेल्या. १९६२ मध्ये कोयनेची जनित्रे सुरू झाली. आज त्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे आणि कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात. शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांतील माणसे वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगली, आणि पुनर्वसनासाठीची त्यांची आंदोलने पुढे कितीतरी दशके चालली.

या माणसांसाठी मराठीने ‘धरणग्रस्त’ असा शब्द घडवला. तोही शासकीयच. पण ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो तसे धरणाने गिळलेले ते धरणग्रस्त. फायलींतून फिरून गुळगुळीत झालेल्या या शब्दात मुळात किती भीषण चित्र आहे, हे आम्ही वर्गात उलगडून सांगत होतो त्या वर्षी वर्गात पुनर्वसित गावठाणातून येणारी एक विद्यार्थिनी होती. तिने वर्षाच्या सुरुवातीला परिचयाच्या कागदावर ‘मूळ गाव’ या रकान्यात गावाचे नाव लिहून पुढे कंसात ‘पाण्यात’ असे लिहिले होते. तिने ते गाव पाहिलेले नव्हते. तिच्या वडिलांनीही पाहिलेले नव्हते. आजी उन्हाळ्यात पाणी उतरले की देवळाचा चौथरा दिसतो असे सांगते, एवढीच तिची त्या गावाशी ओळख होती. तरीही मूळ गाव म्हणून तिने तेच लिहिले. राहण्याच्या ठिकाणाचा रकाना वेगळा होता आणि त्यात तिने गावठाण लिहिले होते.

जनित्र या शब्दाचा जुना अर्थ आम्ही तिच्या वर्गाला त्यानंतर सांगितला. जनित्र म्हणजे जन्मस्थान, मूळ ठिकाण, घर. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने विचारले, ‘सर, मग आमचं जनित्र गेलं आणि तिथं जनित्र आलं, असं वाक्य बरोबर आहे का?’ आम्ही म्हटले, बरोबर आहे. यमक म्हणून त्याचे उदाहरण देता येईल, इतके ते बरोबर होते. अलंकारशिकवणीत आम्ही इतकी वर्षे जी यमकाची उदाहरणे देत आलो ती त्यानंतर आम्हाला फिकी वाटू लागली आहेत.

कोणी म्हणेल की हा निव्वळ शब्दांचा अपघात आहे. यंत्राला नाव देणाऱ्याच्या मनात मुळशीही नव्हती आणि कोयनाही नव्हती. हे मान्यच आहे. भाषा कोणाच्या दुःखाची नोंद ठेवण्यासाठी शब्द घडवत नाही. पण शब्दात साठलेले अर्थ वापरणाऱ्याच्या परवानगीची वाट पाहत नाहीत. एका शब्दाने आधी घर सांगितले आणि नंतर यंत्र सांगितले, आणि त्या यंत्रासाठी काहींची घरे गेली. हे तिन्ही तपशील खरे आहेत. ते शेजारी शेजारी ठेवणे एवढेच वाचकाचे काम.

विजेचा लाभ आम्ही घेतो. हा लेखही तिच्याच प्रकाशात लिहिला आहे, आणि धरणे नकोत, वीज नको असे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. ‘जनरेटर’ला हाकलून बाजारात ‘जनित्र’ रूढ करावे असाही आमचा आग्रह नाही. दुकानदाराने जनरेटरच लावावा. रोहित्राचेही तेच. ‘रुह्’ म्हणजे चढणे. पण गावच्या वेशीवरचे रोहित्र अकरा हजार व्होल्टचा दाब उतरवून घरात सोडते, चढवत नाही. त्यामुळे शेतकऱ्याने त्याला डीपी म्हटले तर अर्थाचे काही नुकसान होत नाही.

आमची मागणी पाठ्यपुस्तकापुरती आणि कोशापुरती आहे. पाठ्यपुस्तकात जनित्र राहावे, पण व्याख्येबरोबर त्याची फोडही असावी. चरित्राशी, खनित्राशी, जनकाशी आणि खुद्द जनरेटरशी असलेले त्याचे नाते दोन ओळींत सांगितलेले असावे. विज्ञानाचे आणि मराठीचे अध्यापक एकाच शिक्षकखोलीत बसतात. हे काम त्यांना चहाच्या सुट्टीतही करता येईल. आणि मराठी कोशात या शब्दाखाली दोन अर्थ असावेत. पहिला : जन्मस्थान, मूळ ठिकाण (प्राचीन). दुसरा : वीज उत्पन्न करणारे यंत्र. क्रम हाच असावा, कारण काळाचा क्रमही हाच आहे.